रात्रीचं जंगल ऐकायचंय? पहिल्यांदा टेंट घेऊन निघणाऱ्यांसाठी ए टू झेड

कॅम्पिंगला जाऊन आलेल्या लोकांना विचारा रात्री काय ऐकलं, बहुतेक जण सांगतील "रातकिडे होते बुवा". म्हणजे आख्खी रात्र डोंगरात काढायची, तीन तास गाडी चालवायची, आणि ऐकायचं काय तर शेजारच्या ग्रुपचा ब्लूटूथ स्पीकर आणि आपल्याच चिप्सच्या पाकिटाची कुरकुर. खरं तर सह्याद्रीतली रात्र बऱ्यापैकी गजबजलेली असते, फक्त ऐकायला जायचं असेल तर तयारी थोडी वेगळी लागते आणि ती नेहमीच्या कॅम्पिंगच्या याद्यांमध्ये कुणी सांगत नाही, म्हणून हे लिहितोय. पक्षीतज्ज्ञ वगैरे असायची काही गरज नाही. कान बरे असले की झालं.

१) आधी महिना ठरवा, मग जागा

लोक उलटं करतात, आधी जागा बुक करतात. पण रात्रीचे आवाज महिन्यानुसार पार बदलतात, त्यामुळे तुम्हाला काय ऐकायचंय ते आधी ठरवा.

एप्रिल-मे मध्ये रातवे (जमिनीवर बसणारे, रात्री बोलणारे पक्षी) जोरात असतात, आणि मेच्या शेवटाला पावशा. "पेरते व्हा, पेरते व्हा" हे आपण दिवसाच ऐकलेलं असतं, पण चांदण्या रात्री हा पठ्ठ्या रात्रभर सुद्धा चालू राहतो, प्रत्येक वेळी सूर चढवत चढवत नेतो आणि एकदम थांबतो. याच दिवसांत भंडारदरा, पुरुषवाडी, राजमाची या भागात काजव्यांसाठी तुफान गर्दी असते. काजवे बघायला जरूर जा पण "ऐकायला" म्हणून काजव्यांच्या विकेंडला जाऊ नका, रात्री बारा वाजता सुद्धा गाड्यांची रांग आणि हॉर्न.

जून-जुलै म्हणजे बेडूक, आणि त्यासाठी आंबोलीसारखी जागा नाही. पहिल्या मोठ्या पावसानंतर डबक्यांमध्ये बैलबेडकांचे नर पिवळेधमक होतात, गळ्याच्या दोन्ही बाजूंना निळ्या पिशव्या फुगवतात आणि असा काही डराव डराव दंगा घालतात की शेजारच्या माणसाशी बोलता येत नाही. त्याच्याच खाली, नीट कान दिला तर, नखाएवढ्या झुडूपबेडकांची टिक-टिक-टिक चालू असते, पानापानावरून. सड्यावरच्या, म्हणजे सपाट खडकाळ पठारावरच्या, छोट्या डबक्यांत आंबोली टोड असतो, ज्याची शास्त्रात नोंद २००९ साली झाली आणि जो त्या भागाबाहेर फारसा कुठे सापडत नाही. तिथे चालताना पाय कुठे पडतोय ते बघा, आणि रात्री घाटरस्त्यावर गाडी तर शक्यतो चालवूच नका, बेडूक चाकाखाली येतात.

पावसाळ्यात टेंटचा एक प्रॉब्लेम सांगून ठेवतो. पाऊस पडायला लागला की टेंटच्या कापडावर त्याचा एवढा ताशा वाजतो की बाहेरचं काहीच ऐकू येत नाही. त्या दोन महिन्यांत गावात एखाद्या घराची पडवी किंवा ओटी मिळाली तर ती टेंटपेक्षा शंभर पटीने चांगली.

सप्टेंबर-ऑक्टोबर हा किड्यांचा सीझन, पण वीजही याच दिवसांत संध्याकाळी पडते, ते लक्षात ठेवा. आणि डिसेंबर-जानेवारी लोक "काहीच ऐकू येत नाही" म्हणून सोडून देतात, मला तर तोच काळ सगळ्यात आवडतो. कारण थंडीत किडे मंदावतात, वरचा तो पडदा बाजूला होतो आणि लांबचं घुबड, लांबची कोल्हेकुई स्वच्छ ऐकू येते. नवख्या माणसाने पहिल्यांदा थंडीतच जावं असं माझं मत आहे, आवाज मोजके असतात, एकेक वेगळा काढता येतो.

२) जागा कशी निवडायची

गूगल मॅपवर फोटो बघून जागा निवडू नका, फोटोत आवाज दिसत नाही. हे बघा:

- हायवे आणि तुमच्या मधे एखादी डोंगराची सोंड हवी. नुसतं पाच किलोमीटर लांब असून चालत नाही. रात्री जमिनीलगतची हवा गार होते आणि वरची त्यामानाने गरम राहते, त्यामुळे वर जाणारा आवाज पुन्हा खाली वाकतो आणि लांबवर पोचतो. दिवसा जिथे चिडीचूप वाटलं तिथे रात्री ट्रकचे गिअर ऐकू येतात ते यामुळेच.
- धबधबा किंवा वाहत्या ओढ्याच्या शेजारी टेंट लावू नका. फोटोला छान दिसतं पण पाण्याचा तो एकसुरी आवाज बाकी सगळं गिळून टाकतो. शंभर-दीडशे मीटर बाजूला या. शिवाय पावसाळ्यात ओढ्याला अचानक लोंढा येतो तो धोका वेगळाच.
- लाइटची डीपी, बोअरची मोटर, मोबाईल टॉवरचा जनरेटर. दुपारी लक्ष जात नाही, रात्री हीच गुणगुण डोक्यात जाते.
- झाडी आणि मोकळं माळरान जिथे एकमेकांना भेटतात अशी कड सगळ्यात उत्तम, दोन्हीकडचे आवाज मिळतात.

पवनेसारख्या धरणाच्या काठावरचे तयार टेंट शनिवारी टाळाच. रात्री दहा ते सकाळी सहा उघड्यावर लाऊडस्पीकर लावायचा नाही हा नियम २००० सालापासून आहे, पण तिथे जाऊन तो कुणाला वाचून दाखवणार तुम्ही? मधल्या वारी जा, मंगळवार-बुधवार, रजा टाकावी लागली तरी.

३) परवानगी आणि कागद

अभयारण्यात किंवा नॅशनल पार्कात मनाला येईल तिथे टेंट ठोकता येत नाही. कळसूबाई-हरिश्चंद्रगड, कोयना, राधानगरी, भीमाशंकर, ही सगळी अभयारण्यं आहेत, तिथे वनखात्याने ठरवून दिलेल्या जागी किंवा आतल्या-लगतच्या गावात खाजगी जमिनीवरच राहायचं. किल्ल्यांवर मुक्कामाचे नियम वेगवेगळे आहेत आणि बदलतात सुद्धा, निघायच्या आधी तिथल्या वनपरिक्षेत्र कार्यालयात फोन करा, जुन्या व्हिडिओवर विसंबून राहू नका.

सोबत ठेवायचं:

- प्रत्येकाचं ओळखपत्र, आधार किंवा लायसन्स, आणि एक झेरॉक्स
- जमीन मालकाचा होकार, निदान व्हॉट्सअ‍ॅपवर लिहून घेतलेला
- प्रवेश फीची पावती, वनखात्याची असो नाहीतर गावच्या समितीची, सकाळी परत मागतात
- गाडीचे कागद, कारण गाडी गावात लावून जायचीय

आणि एक कागद नसलेली गोष्ट. गावात पोचलात की पोलीस पाटलांना किंवा सरपंचांना सांगा, "काका, आम्ही चौघं जण वरच्या माळावर आहोत रात्री, आवाज ऐकायला आलोय." हसतील, हसू द्या. पण रात्री माळावर बॅटऱ्या दिसल्या की गावकऱ्यांना चोर किंवा शिकारी वाटतात, आणि भात तयार व्हायच्या दिवसांत लोक शेतात राखणीला असतात, रानडुकरं हाकलायला डबे बडवतात, फटाके लावतात, त्यात तुम्ही अंधारातून अचानक समोर येणं कुणाच्याच फायद्याचं नाही.

४) सामान (इथेच सगळे गंडतात)

नेहमीचं टेंट, कॅरीमॅट, पाणी माणशी तीन लिटर, फर्स्ट एड, पॉवर बँक, हे तुम्हाला माहीतच आहे. ऐकण्यासाठी वेगळं काय:

कपडे. विंडचीटर, पॅराशूट पँट, रेनकोट, हे सगळं हात हलवला तरी खसखस करतं. बसताना कॉटन किंवा लोकर. आजीची जुनी शाल नाहीतर घोंगडी घ्या, आवाज शून्य.

खाणं. पाकिटातलं काहीही नको. घरूनच डब्यात किंवा फडक्यात बांधून न्या. दशम्या, चटणी, लाडू, केळी. शेंगा नकोत, सोलताना आवाज होतो (हे चेष्टेने नाही लिहिलेलं).

लाइट. लाल लाइटचा हेडटॉर्च, नसेल तर साध्या बॅटरीवर लाल जिलेटीन कागद रबरबँडने बांधा. डोळ्यांना अंधाराची सवय व्हायला वीस-तीस मिनिटं लागतात आणि पांढरा झोत एकदा डोळ्यात गेला की पहिल्यापासून सुरुवात. पण चालताना मात्र चांगला पांढरा टॉर्च पाहिजेच, साप लाल उजेडात नीट दिसत नाही.

वही आणि पेन्सिल. पेन दवाने फुललेल्या कागदावर उठत नाही.

बसायला घडीचं स्टूल किंवा जाड चटई. पाय अवघडले की माणूस चुळबुळ करतो आणि चुळबुळीचा आवाज सगळ्यात आधी आपल्याच कानात जातो.

नको ते: स्पीकर, परफ्यूम, वाजणाऱ्या किल्ल्या, आणि ज्याला पाच मिनिटं गप्प बसवत नाही तो मित्र. त्याला दुसऱ्या ट्रिपला न्या.

५) टेंट उजेडात लावा आणि त्याला गप्प करा

साडेपाचपर्यंत पोचा. टेंटच्या दोऱ्या ताणून घट्ट बांधा, सैल कापड वाऱ्यावर रात्रभर फडफडतं. चेनचे पत्रे एकमेकांवर टिकटिक आपटत असतील तर त्यांना दोरा बांधा. एकट्या उंच झाडाखाली लावू नका, एक म्हणजे वीज, आणि दुसरं म्हणजे वाळकी फांदी. कड्याला आग्या मोहोळ लोंबतंय का बघून घ्या, असेल तर तिथे धूर, शेकोटी काही नाही, सरळ जागा बदला.

शेकोटीबद्दल वेगळं सांगतो कारण यावरून प्रत्येक ग्रुपमध्ये वाद होतो. उन्हाळ्यात तर वणव्यामुळे नाहीच. पण थंडीत परवानगी असली तरी ऐकायच्या वेळेला नको, लाकडं तडतडतात, उजेडाने डोळे दिपतात आणि शेकोटीभोवती माणसं गप्पा मारणारच. स्वयंपाक सात-साडेसातला उरका आणि विझवून टाका.

टेंटची चेन कायम बंद. बूट आत घ्या, सकाळी घालण्याआधी झटका. मण्यार रात्री फिरते, जमिनीवर झोपलेल्या माणसाला चावल्याच्या केसेस तिच्याच जास्त, आणि ती आवाज अजिबात करत नाही. उलट घोणस डिवचली गेली तर कुकरच्या शिट्टीसारखा फुत्कार टाकते, आणि कोकणात फुरसं अंगाचे खवले घासून करकर आवाज करतं. हे दोन आवाज आले की पाऊल तिथेच थांबवायचं, उजेड पाडायचा, आणि मग मागे. चावलंच तर १०८ ला फोन आणि सरळ दवाखाना, बांधाबांधी-चिराचिरी नाही. म्हणूनच जागा निवडताना मोबाईलची रेंज कुठे येते आणि जवळचं ग्रामीण रुग्णालय कुठे आहे हे दिवसाच बघून ठेवा. वन्यप्राण्यांच्या बाबतीत काही झालं तर वनखात्याची हेल्पलाइन १९२६.

६) पहिला अर्धा तास फक्त बसा

गाडीच्या प्रवासाने कान बधिर झालेले असतात आणि डोक्यात शहर चालू असतं. पहिली दहा मिनिटं काहीच वेगळं जाणवणार नाही, "चला, झालं ऐकून" असं वाटेल. उठू नका. तुम्ही चालत आलात तेव्हा आसपासचे किडे, बेडूक गप्प झालेले असतात, त्यांना जमिनीची थरथर कळते, ते हळूहळू पुन्हा सुरू होतात. आधी लांबचे, मग जवळचे, आणि मग एकदम पायाजवळचा.

ऐकायची एक सोपी रीत सांगतो. एका वेळी एकच थर. आधी वारा कुठल्या झाडात आहे ते ऐका, सागाच्या वाळक्या पानांचा वेगळा आणि बांबूचा वेगळा. मग किडे. मग किड्यांच्या पलीकडे काय आहे. दोन्ही हातांचे तळवे कानामागे पन्हाळीसारखे धरा आणि हळूहळू डोकं फिरवा, फरक लगेच कळतो.

वहीत मधे एक टिंब काढा, ते तुम्ही. आवाज ज्या दिशेने, जितका लांब, तिथे खूण. नाव माहीत नसेल तर जसं ऐकू आलं तसं लिहा. माझ्या वहीतलं एक पान असं दिसतं:

९:१० – नाल्याच्या बाजूने, चुक् चुक् चुक् चुकर्रर्र, जमिनीवरून? थांबून थांबून
९:२५ – गावात कुत्री, मग डावीकडे वर कोल्हे, एकाने सुरू केलं, बाकीचे मागोमाग
९:४० – वड. चिर्रक चिर्रक चिवाक. दोघं भांडतायत
१०:०५ – सगळं बंद. का?

तो शेवटचा "का?" फार महत्त्वाचा आहे, खाली सांगतो.

७) कोण काय बोलतंय

रातकिड्यांपासून सुरू करू. गाणारे सगळे नर, पंखावर पंख घासून आवाज काढतात, आणि त्यांचे कान पुढच्या पायांवर असतात. गारवा वाढला की त्यांची लय मंदावते, संध्याकाळी आठला आणि पहाटे तीनला तोच किडा ऐका, फरक कळेल. काही टोळकिड्यांचा आवाज इतका बारीक असतो की वय वाढलेल्या माणसांना तो ऐकूच येत नाही. ग्रुपमध्ये पंधरा वर्षांचा कुणी असेल तर त्याला विचारा, "तुला आत्ता काय ऐकू येतंय", तो दोन गोष्टी जास्त सांगेल. वटवाघळांचंही तसंच, किडे खाणारी बहुतेक वटवाघळं ज्या पट्टीत ओरडतात ती माणसाच्या कानापलीकडची. वडा-उंबरावर कलकलाट करतात ती फळं खाणारी मोठी.

वर वहीत ९:१० ला आहे तो रातवा. जमिनीवर बसणारा पक्षी, दिवसा समोर असून दिसत नाही. याचा जंगलातला भाऊबंद सलग मिनिटभर चकू-चकू-चकू करत राहतो. वडावरचे भांडखोर म्हणजे पिंगळे, छोटी घुबडं, हे तर शहरात सुद्धा आहेत, आधी घरच्या गच्चीवर ऐकून जा. कड्याच्या बाजूने खोल "बू-बूऽऽ" आला की ते शृंगी घुबड. आणि टिटवी, टिटिव-टिव, रात्री तिच्या जवळून काहीही गेलं की ओरडणारच. तिला अशुभ म्हणतात लोक, बिचारी राखण करतेय.

आता ती शांतता. चालू असलेला कोरस एकदम एका बाजूने तुटला तर तिकडून कुणीतरी चालत येतंय. माणूस, रानडुक्कर, कांडेचोर (उदमांजर), काहीही. त्यानंतर भेकर भुंकलं तर कान टवकारा. भेकर म्हणजे छोटं हरीण, पण आवाज अगदी कुत्र्याचा, एकच खडबडीत भुंकणं, थोडं थांबून पुन्हा. सांबराचा "पोंक" त्याहून मोठा. झाडावर झोपलेली वानरं मधूनच खाकरल्यासारखी ओरडली तर त्यांनी बहुतेक बिबट्या बघितलाय. बिबट्याचा स्वतःचा आवाज म्हणजे डरकाळी नाही, श्वास आत-बाहेर ओढत खर्रर्र-खस, खर्रर्र-खस. तो ऐकू आला तर टेंटमध्ये जा, एकत्र राहा, मोठ्याने बोला, आणि बघायला म्हणून बाहेर अजिबात पडू नका. एरवी रात्री एकट्याने लघवीला सुद्धा जायचं नाही, जोडीने जा, बोलत जा.

आणि भुतांचं म्हणाल तर जुन्या आमराईत, वडांच्या राईत एक मोठं वन घुबड असतं, त्याची ती थरथरत जाणारी "च्युहुआऽऽआऽ" पहिल्यांदा ऐकली की भल्याभल्यांची टरकते. गावोगावच्या हडळीच्या बऱ्याच गोष्टी त्या झाडाखालीच जन्मल्या असाव्यात असा माझा संशय आहे.

एक ट्रॅप: रात्री अंतराचा अंदाज हमखास चुकतो, वर सांगितलं तसा आवाज लांबून स्वच्छ येतो. "इथेच आहे, चल बघू" म्हणून अंधारात आवाजामागे निघू नका. कड्याच्या बाजूला तर नाहीच.

८) मोबाईलवर रेकॉर्ड करताना

फ्लाइट मोड आधी. मग सेटिंगमध्ये जाऊन नॉइज रिडक्शन बंद करा, कारण मोबाईलच्या हिशोबाने रातकिडा म्हणजेच नॉइज, तो पुसून टाकतो आणि घरी येऊन ऐकता तर नुसती पोकळी. फाइल जमलं तर डब्ल्यूएव्हीमध्ये, म्हणजे आवाज दाबून लहान न करणाऱ्या प्रकारात, ठेवा. फोन हातात धरू नका, दगडावर मऊ कापड टाकून त्यावर ठेवा आणि तुम्ही पाच-सहा पावलं मागे सरका. माइकवर वारा बसत असेल तर पातळ मोजा चढवा. सुरुवातीला हळू आवाजात तारीख, वेळ, जागा बोलून ठेवा, नाहीतर महिन्याभराने कुठली फाइल कुठली तेच कळत नाही.

मर्लिन हे आवाजावरून पक्षी ओळखणारं अ‍ॅप फुकट आहे आणि भारताचा पॅक आधी डाउनलोड केला तर रेंज नसतानाही चालतं. पण ते पक्ष्यांसाठी आहे, बेडूक-किड्यांना भलतीच नावं देऊ शकतं, आणि पक्ष्यांतही ते म्हणेल ते ब्रह्मवाक्य नाही. झेनो-कँटो या साइटवर जगभरच्या लोकांनी टाकलेले आवाज आहेत, तिथे जाऊन ताडून बघा.

आणि कृपा करून प्लेबॅक करू नका. घुबडाचा आवाज मोबाईलवर वाजवला की घुबड येतं, हे खरंय. पण त्याला वाटतं हद्दीत दुसरा घुसलाय, तो अंडी-पिल्लं सोडून भांडायला येतो. घुबडांची तर अंधश्रद्धेपायी शिकारही होते, तेव्हा घरटं किंवा ढोली सापडली तर जागेचं लोकेशन कुठेही टाकू नका.

९) साडेचारचा गजर

मधली रात्र, एक ते चार, झोपून काढा, पहिल्यांदा जाणाऱ्याने जागरणाचा अट्टाहास करू नये. पण साडेचारला उठाच. अजून काळोख असतो तेव्हाच कोतवाल पक्षी सुरू करतो, मग दयाळ, मग दरीतून रानकोंबडा. पावसाळ्याच्या तोंडाला आणि पावसात ओढ्याकाठी शीळकरी कस्तूर लांबलचक शीळ घालतो, अगदी माणूस वाटेल अशी. सहापर्यंत हा सगळा गोंधळ एवढा वाढतो की वेगवेगळं काढायचं सोडून द्या, तोवर चहा ठेवा.

१०) आवडलं तर पुढे

दोन-चार रात्री अशा जमल्या की बुद्धपौर्णिमेच्या मचाणावर नंबर लावा. ताडोबा, मेळघाट अशा ठिकाणी वनखातं त्या रात्री लोकांना पाणवठ्याजवळच्या मचाणावर बसवतं, निसर्गानुभव म्हणतात त्याला. संध्याकाळी चढायचं ते सकाळीच उतरायचं, बोलायचं नाही, खोकला आला तरी रुमालात. पौर्णिमेचा उजेड असतो पण दिसण्याआधी प्राणी ऐकूच येतो, वाळक्या पानांवरची पावलं, पाणी पितानाचं लपलप. अर्जाची तारीख आणि फी दरवर्षी त्या त्या प्रकल्पाकडून जाहीर होते आणि जागा भराभर जातात, त्यामुळे एप्रिलपासूनच लक्ष ठेवा, आधारची कॉपी तयार ठेवा, आणि खोकल्याचं औषध बॅगेत टाकायला विसरू नका.